बाळंतपणाची तारीख पहिल्या सोनोग्राफीचीच का धरतात?

सांगली-मिरजेच्या सोनोग्राफी सेंटरबाहेर नवव्या महिन्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "आधी दहा तारीख दिली होती, आता पंचवीस दाखवतंय. खरी कुठली?" बहुतेक वेळा पहिलीच. का, ते या तपासणीच्या इतिहासातून कळतं.

शेवटच्या पाळीपासून २८० दिवस, हा हिशेब जुना. पण जतकडची एखादी बाई "यल्लम्माच्या जत्रेच्या आगेमागे पाळी चुकली" असं सांगते, तिथे आठ-पंधरा दिवस इकडेतिकडे होतातच.

ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड महायुद्धात हवाई दलात होते, रडार त्यांच्या ओळखीचं. १९५५ मध्ये त्यांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी बॉयलरच्या कारखान्यात नेल्या आणि धातूतले दोष ध्वनिलहरींनी शोधणाऱ्या यंत्राने तपासल्या. १९५८ मध्ये या तपासणीवरचा त्यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्या दशकात बाळाच्या डोक्याची रुंदी, म्हणजे रिपोर्टवरचं बीपीडी, मोजायची पद्धत स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी सुधारली. १९७३ मध्ये ह्यू रॉबिन्सन यांनी डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून, म्हणजे सीआरएलवरून, वय काढून दाखवलं. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे फरक पडला तर पाच-सात दिवसांचा. शेवटच्या तिमाहीत तोच तीन आठवड्यांवर जातो.

वजनाचा अंदाज नंतर आला. १९७५ मध्ये कॅम्पबेल यांनी पोटाच्या घेरावरून तो मांडला. १९८० च्या दशकात ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी डोकं, पोट आणि मांडीचं हाड एकत्र धरून सूत्रं बसवली, ती आजही मशीनमध्ये असतात. पण रिपोर्टवर २.८ किलो आलं, तरी प्रत्यक्षात बाळ २.४ किंवा ३.२ चंही निघू शकतं.

खरी गोम पुढेच आहे. मशीन प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या मापांवरून नवी तारीख काढतं. बाळ पोसलं जात नसेल तर मापं लहान येतात आणि तारीख पुढे सरकलेली दिसते. तीच खरी धरली, तर बाळ "वेळेबरहुकूम" ठरतं आणि खुंटलेली वाढ कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या आतला रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवायचा आणि पुढची मापं त्याच्याशी ताडून बघायची.

याच यंत्राने मुलींचा घातही केला. महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशाचा १९९४ मध्ये आला. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने स्टिंग करून डॉक्टर पकडून दिले. आज प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म, म्हणजे तपासणी कशासाठी केली त्याची नोंद, भरावा लागतो, तो या कायद्यामुळेच.

हॅडलॉक यांची मापं अमेरिकेतल्या बाळांची. आपल्याकडच्या बाळांसाठी आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या संशोधकांनी गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातल्या गरोदर बायकांच्या नोंदींवरून वय काढायचं वेगळं सूत्र २०२४ मध्ये मांडलं आहे.