दुसरा क्रमांक आणि दोनशे तेहेतिसावा

२०१८च्या एप्रिलमध्ये, टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला, न्यूयॉर्क जायंट्सनी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर सेक्वॉन बार्कलीचं नाव घेतलं. पेन स्टेट विद्यापीठाचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. मांड्या झाडाच्या बुंध्यासारख्या आणि पावलं मांजराची. दोन दिवसांनी, शेवटच्या म्हणजे सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर फिलाडेल्फिया ईगल्सनी जॉर्डन मायलाटाला घेतलं. मायलाटा सिडनीचा, रग्बी लीग खेळून वाढलेला, दोन मीटरहून उंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तो तोवर खेळला नव्हता.

सहा वर्षांनी, २०२४च्या हंगामात, हे दोघं एकाच संघात होते. मायलाटा समोरच्या माणसाला बाजूला सारायचा आणि मोकळ्या झालेल्या वाटेने बार्कली पळायचा. त्या हंगामात बार्कली २००५ यार्ड धावला, दर धावेला सरासरी ५.८ यार्ड. आदल्या वर्षी जायंट्सकडे असताना त्याची बेरीज होती ९६२ आणि सरासरी ३.९. वय एका वर्षाने वाढलेलं, गुडघ्यावर जुनी शस्त्रक्रिया झालेली, पाय तेच.

मग ते यार्ड नक्की कोणाचे? ड्राफ्टमधली मौल्यवान निवड रनिंग बॅकवर खर्च करावी का, हा वाद अमेरिकेत दर वसंतात उफाळून येतो. माझ्या मते त्याचं उत्तर या एका प्रश्नात दडलेलं आहे. जायंट्सचं मैदान न्यू जर्सीत आहे. तिथल्या मराठी घरांतली मुलं आईबाबांना शेजारी बसवून हा खेळ समजावत असतात. त्या आईबाबांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

मैदान शंभर यार्डांचं. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडा कमी. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाऊनमध्ये, दहा यार्ड पुढे सरकायचं; जमलं तर पुन्हा चार डाऊन मिळतात, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. पुढे सरकण्याचे मार्ग दोन. क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा, किंवा रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने गर्दीत घुसायचं. नवे खेळाडू घेण्यासाठी आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला निवडतो आणि विजेता शेवटी. खेळाडूला बोली लागत नाही आणि त्यालाही संघ निवडता येत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. चेंडू फेकण्याच्या प्रत्येक प्रयत्नामागे लीगची सरासरी सात यार्डांच्या आसपास असते, धावण्यामागे साडेचारच्याही आत. पण नुसते यार्ड मोजले तर फसगत होते. दोन यार्ड हवे असताना तीन मिळाले तर संघ वाचतो. दहा हवे असताना तेच तीन मिळाले तर चेंडू सोडावा लागतो. म्हणून अभ्यासक वेगळा हिशेब करतात: मैदानावर आपण या क्षणी जिथे उभे आहोत तिथून सरासरी किती गुण मिळू शकतात? स्वतःच्या गोलरेषेला चिकटून उभे असलो तर उत्तर चक्क उणे येतं, कारण पुढचे गुण समोरचा संघ मिळवण्याचीच शक्यता जास्त असते. समोरच्या गोलरेषेजवळ गेलो की तेच उत्तर सहाच्या घरात जातं. प्रत्येक चालीआधी आणि चालीनंतर ही किंमत काढायची आणि वजाबाकी करायची. १९७१मध्ये ही पद्धत शोधनिबंधात मांडणाऱ्या दोघांपैकी एक, व्हर्जिल कार्टर, स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता. खेळणाऱ्यानेच आपल्या खेळाचं गणित मांडावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

या हिशेबात अलीकडच्या हंगामांत सरासरी धाव तोट्याची आणि सरासरी फेक फायद्याची निघते. धावण्याला अर्थ नाही असं यातून सिद्ध होत नाही. कधीच धावलो नाही तर बचाव फळी फेक अडवण्यासाठी मागे पसरून बसेल. पण एक जुनी समजूत मात्र मोडीत निघते. ‘आमच्या बॅकने पंचवीसदा चेंडू उचलला की आम्ही जिंकतो’ असं समालोचक वर्षानुवर्षं सांगत आले. आकडा खरा, कार्यकारणभाव उलटा. आघाडीवर असलेला संघ शेवटी मुद्दाम धावतो, कारण धावणारा मैदानाच्या आत पडला की घड्याळ चालू राहतं आणि फेक वाया गेली की ते थांबतं. म्हणजे आधी आघाडी आणि मग धावा. छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस आला, असं म्हणण्यासारखंच ते आहे.

हे झालं धावण्याबद्दल. धावणाऱ्याबद्दल बोलायचं तर एक क्षण अगदी जवळून पाहावा लागेल.

चेंडू मागे येतो. क्वार्टरबॅक वळतो आणि धावत येणाऱ्याच्या पोटाशी तो ठेवतो. धावणारा दोन्ही हातांनी त्याला कवटाळतो. त्याच्यासमोर पाच लाइनमन आपल्या अंगाच्या भाराने भिंत हलवू पाहत असतात, आणि दोघांच्या मध्ये जेमतेम माणूस शिरेल एवढी फट पडते. ती मिटायच्या आत त्याला तिथे पोचायचं असतं. पुढे सहा बचावपटू उभे आहेत की आठ, यावर त्या धावेचं भवितव्य बरंचसं ठरलेलं असतं.

हे ‘बरंचसं’ मोजता येतं. एनएफएलमध्ये प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि सेकंदाला दहा वेळा त्याची जागा नोंदवली जाते. २०१९मध्ये लीगने हा साठा खुला करून एक स्पर्धा घेतली: चेंडू हातात आला त्या क्षणीची बावीस जणांची जागा, वेग आणि दिशा पाहून ही धाव किती यार्डांची होईल ते सांगा. ऑस्ट्रियात काम करणाऱ्या दोन डेटा वैज्ञानिकांनी, फिलिप सिंगर आणि दिमित्री गोर्देयेव्ह यांनी, ती जिंकली. त्यांच्या प्रारूपात खेळाडूचं नाव, पगार, कीर्ती यांना महत्त्व नव्हतं. कोण कोणापासून किती दूर आहे आणि कोणाकडे किती वेगाने येतो आहे, एवढ्यावरच त्यांचा भर होता. आता धाव संपली की ‘अपेक्षित इतके होते, प्रत्यक्षात इतके मिळाले’ असं सांगता येतं. हा वरचा तुकडा धावणाऱ्याचा. तो असतो, चांगल्याकडे सातत्याने असतो, पण एकूण धावेत त्याचा वाटा लहान असतो.

चिप नसतानाही हे दिसत होतंच. २०१४मध्ये डॅलसच्या डीमार्को मरेने १८४५ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फियाला गेला आणि ७०२वर थांबला. डॅलसने त्याच्या जागी डॅरेन मॅकफॅडनला उभं केलं. त्याची उमेदीची वर्षं दुखापतींत गेली होती, लोकांनी त्याच्या नावावर फुली मारली होती. तो १०८९ यार्ड धावला. त्याच्यापुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन उभे होते. तिघेही पहिल्या फेरीत निवडलेले लाइनमन.

आता ड्राफ्टच्या टेबलावर येऊ, कारण खरी चूक मला तिथे दिसते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाला २०१७मध्ये नोबेल मिळालं. त्याने केड मॅसीबरोबर ड्राफ्टवर केलेल्या अभ्यासातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू, त्याच जागेसाठी नंतर निवडलेल्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना किती दिसली? ५२ टक्के. म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरी. आणि संघ मात्र त्या आधीच्या निवडीसाठी पुढच्या वर्षीचा ड्राफ्टसुद्धा गहाण टाकतात.

रनिंग बॅकच्या बाबतीत हे जास्तच टोचतं. २०१२मध्ये क्लीव्हलँडने एक जागा वर सरकण्यासाठी जास्तीच्या निवडी देऊन तिसऱ्या क्रमांकावर ट्रेंट रिचर्डसनला घेतलं. पुढच्याच हंगामाच्या सुरुवातीला त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं. कारकिर्दीची त्याची सरासरी ३.३ यार्ड राहिली. त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १७३व्या क्रमांकावर वॉशिंग्टनला मिळालेला आल्फ्रेड मॉरिस पहिल्याच वर्षी १६१३ यार्ड धावला. संघांनी धडा घेतला आणि २०१३ व २०१४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. धडा टिकला नाही. २०१७मध्ये जॅक्सनव्हिलने चौथ्या क्रमांकावर लेनर्ड फोर्नेटला निवडलं. त्या वर्षी सर्वाधिक यार्ड धावला तो ८६व्या क्रमांकावर निवडलेला करीम हंट; ६७व्या क्रमांकावर ॲल्विन कमारा होता आणि १८२व्या क्रमांकावर ॲरन जोन्स. आणि दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक महोम्स हा क्वार्टरबॅक अजून शिल्लक होता.

पैशाची बाजू त्याहून स्पष्ट आहे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११च्या करारापासून नवख्याचा पगार त्याच्या जागेवरून ठरत नाही, ड्राफ्टमधल्या क्रमांकावरून ठरतो. बार्कलीला चार वर्षांचे सुमारे ३.१ कोटी डॉलर मिळाले, वर्षाला साधारण ७८ लाख. दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतला असता तरी तेवढेच लागले असते. त्याच उन्हाळ्यात ॲरन रॉजर्स या क्वार्टरबॅकने वर्षाला ३.३५ कोटींचा करार केला, तर टॉड गर्ली या रनिंग बॅकने सुमारे १.४ कोटींचा. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक चांगला निघाला तर संघाचे दर वर्षी अडीच कोटींहून जास्त वाचतात. रनिंग बॅक कितीही चांगला निघाला तरी साठ-पासष्ट लाख. संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते आणि २०१८मध्ये ती १७ कोटी ७२ लाख होती. वाचलेल्या अडीच कोटींत दोन उत्तम लाइनमन येतात. जायंट्सनी त्या वर्षी बार्कलीला घेतलं, सातव्या क्रमांकावरचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन बफेलोला गेला, आणि बार्कलीच्या पहिल्या तीन हंगामांत जायंट्सनी ४८ सामन्यांपैकी १५ जिंकले. यात बार्कलीचा काडीचाही दोष नाही. पहिल्याच वर्षी तो १३०७ यार्ड धावला होता.

एक गोष्ट या हिशेबात येत नाही, आणि ती मला फार खटकते. शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला उभं राहता येत नाही, म्हणून मुलगा साधारण एकविसाव्या वर्षी लीगमध्ये येतो. करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतला असेल तर संघ पाचवं वर्ष स्वतःच्या मर्जीने वाढवू शकतो आणि त्यानंतर ‘फ्रँचायझी टॅग’ लावून आणखी एक वर्ष अडकवून ठेवू शकतो. इतकं होईतो तो सत्ताविशीत आलेला असतो, आणि रनिंग बॅकचं शरीर नेमकं त्याच सुमारास उतरणीला लागतं. लाइनमन आणि क्वार्टरबॅक पस्तिशीपर्यंत कमावतात. याची उत्तम वर्षं मात्र पहिल्याच करारात संपतात. २०२३मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग, म्हणजे त्या अडकवलेल्या वर्षाचा पगार, ३.२४ कोटींचा होता आणि रनिंग बॅकचा १.०१ कोटींचा. त्या जुलैत अनेक नामवंत रनिंग बॅक व्हिडिओ कॉलवर एकत्र जमले, पण संघटनेचा लीगशी झालेला करार २०३०पर्यंतचा असल्याने हाती काही लागलं नाही. संघाने या खेळाडूला उशिरा निवडावं असं मी म्हणतो, पण ज्याच्या अंगावर दर रविवारी वीस वेळा आदळलं जातं त्याला दुसऱ्या वर्षानंतर नव्याने भाव मागता यायला हवा, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

उलट बाजूलाही वजन आहे. गेल्या काही वर्षांत बचाव फळ्या लांब फेकींच्या धास्तीने दोन खेळाडू खोल मागे ठेवू लागल्या आहेत. त्यामुळे पुढची गर्दी विरळ होते आणि धावेला पुन्हा भाव येतो. ख्रिश्चन मॅककॅफ्री किंवा २०२३मध्ये बाराव्या क्रमांकावर डेट्रॉइटला मिळालेला जमीर गिब्स धावतात तसेच झेलतातही. त्यांना नुसते रनिंग बॅक म्हणून तोलणं चूक ठरेल. आणि ज्या संघाकडे लाइन आहे, क्वार्टरबॅक आहे, त्याने हा शेवटचा दागिना जरूर घ्यावा. डेट्रॉइटने बऱ्याच अंशी हेच केलं. २०२५मध्ये लास वेगास रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर ॲश्टन जेंटीला घेतलं, तेव्हा मी अस्वस्थ झालो होतो. मुलगा अफाट गुणी, महाविद्यालयाच्या शेवटच्या हंगामात २६०१ यार्ड धावलेला. पण आदल्या वर्षी लीगमध्ये धावून सर्वांत कमी यार्ड मिळवलेला संघ हाच होता, आणि वाट करून देणारी भिंत कच्ची असताना वाटसरूवर इतका खर्च कशाला?

ईगल्सनी बार्कलीसाठी ड्राफ्टमधली एकही निवड मोजली नाही. २०२४च्या मार्चमध्ये तो मोकळा झाला, आणि तीन वर्षांसाठी ३.७७ कोटींवर त्यांनी त्याला घेतलं. ९ फेब्रुवारी २०२५ला, त्याच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला. कॅन्सस सिटीने त्याला रोखायचं ठरवलं होतं आणि रोखलंही: २५ धावा, ५७ यार्ड. ईगल्स ४०-२२ने जिंकले.