मिडलँड वेगळं, ओडेसा वेगळं

पश्चिम टेक्सासच्या तेलाचा विषय निघाला की लोक ‘मिडलँड-ओडेसा’ असं एका दमात म्हणून मोकळे होतात. जुळी शहरं, पर्मियन बेसिन या तेलपट्ट्याची तेलनगरी, संपला विषय. मला हे फार खटकतं, कारण या दोन गावांतला फरक कळला नाही तर तेलाचा धंदा चालतो कसा हेच नीट कळत नाही.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. युक्रेनमधल्या ओडेसाशी या ओडेसाचा संबंध नावापुरता. दोन्ही गावं १८८१ ची, टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वेची स्टेशनं, मध्ये जेमतेम ३२ किलोमीटर. मिडलँड बहुतेकांना ठाऊक असतं: अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या बुश बाप-लेकांपैकी धाकट्या बुश यांचं बालपण तिथलं, आणि कच्च्या तेलाच्या भावात ‘डब्ल्यूटीआय (वेस्ट टेक्सास इंटरमीजिएट) मिडलँड’ हे नाव येतं. फोर्ट वर्थ आणि एल पासो यांच्या मध्यावरचं म्हणून आधी नाव मिडवे, पोस्ट ऑफिस आलं तेव्हा १८८४ मध्ये मिडलँड झालं.

आता खरी गोम. तेलनगरी म्हणजे जिथे तेल सापडलं ते गाव, असं आपण धरून चालतो. ओडेसाला ते लागू पडतं. १९२६ मध्ये त्याच्या एक्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तेल लागलं आणि १९२५ ला साधारण ७५० वस्तीचं गाव १९२९ पर्यंत ५,००० वर गेलं. मिडलँडच्या काउंटीत मात्र १९४० चं दशक उजाडेपर्यंत तेल सापडलं नव्हतं. तरीही १९२९ मध्ये तिथे, सपाट माळावर, बारा मजली पेट्रोलियम बिल्डिंग उभी राहिली, तेल कंपन्यांच्या ऑफिसांसाठी.

पायाखाली तेल नसलेल्या गावात एवढी ऑफिसं कशाला, हे समजायला आपला सातबारा आठवा. आपल्याकडे शेत तुमच्या नावावर असलं तरी खालचं तेल सरकारचं. टेक्सासमध्ये ते खासगी मालकीचं असतं, आणि वरची जमीन एकाची नि खालचं खनिज दुसऱ्याचं असंही चालतं. आजोबांनी रान विकताना खनिजाचा हक्क राखून ठेवला, तो मुलांत वाटला, मग नातवंडांत, की एका विहिरीच्या रॉयल्टीला, म्हणजे तेलाच्या उत्पन्नातल्या मालकाच्या वाट्याला, डझनभर हिस्सेदार उभे राहतात. त्यातली एखादी नात दुसऱ्याच राज्यात नांदत असते. काउंटीच्या दप्तरातली जुनी खतं चाळून असे वारस हुडकायचे आणि एकेकाची लीजवर, म्हणजे तेल काढू देण्याच्या करारावर, सही मिळवायची, हे ज्याचं काम त्याला तिकडे लँडमन म्हणतात. त्याच्या जोडीला भूगर्भशास्त्रज्ञ, वकील, बँकवाले. ही सगळी मंडळी मिडलँडची.

प्रत्यक्ष खोदायची वेळ आली की गाठ ओडेसाशी. पाइपच्या चळती, विहिरीतला पाइप सिमेंटने पक्का बसवणारे सिमेंटिंगचे ट्रक, पंप दुरुस्तीची वर्कशॉप्स तिथे. ड्रिलिंग चालू असताना हजारो फूट खाली पाइप तुटून अडकला, की काम ठप्प होतं आणि रिगचं, म्हणजे खोदाईच्या मनोऱ्याचं आणि यंत्रांचं, भाडं चालूच राहतं. मग तो तुकडा खालच्या खाली धरून वर ओढणारं हत्यार आणि ते चालवणारा जाणता माणूस बोलवावा लागतो. या कामाला फिशिंग म्हणतात, अडकलेल्या तुकड्याला फिश. डोळ्यांना काही दिसत नाही, वरच्या वजनाच्या काट्यावरून खाली पकड बसली की निसटली ते ओळखायचं. ‘संसार मिडलँडला थाटावा, दंगा ओडेसाला घालावा’ अशा अर्थाची एक म्हण त्या भागात चालते. मला ती अजिबात आवडत नाही. मिडलँडच्या कागदावरचं तेल बाहेर येतं ते ओडेसाच्या या हातांनी, आणि मान द्यायचा तर मी तो आधी ओडेसाला देईन.

थोरल्या बुश यांच्याच आयुष्यात दोन्ही गावांचा फरक स्पष्ट दिसतो. १९४८ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेऊन ते आले ते ओडेसाला, तेलाची यंत्रसामग्री विकणाऱ्या कंपनीत. गोदाम झाडलं, यंत्रं रंगवली. बिऱ्हाड अर्ध्या घरात, न्हाणीघर शेजाऱ्यांबरोबर सामायिक. १९५० मध्ये ते मिडलँडला गेले आणि पुढच्याच वर्षी भागीदारीत खनिज हक्कांचा व्यवहार सुरू केला.

मंदीसुद्धा दोन्हीकडे सारख्या रूपात येत नाही. १९८० च्या दशकात भाव कोसळले तेव्हा मिडलँडला तडाखा बसला तो बँकेतून: १४ ऑक्टोबर १९८३ ला फर्स्ट नॅशनल बँक ऑफ मिडलँड बुडाली. ओडेसात रिग खाली उतरवून यार्डात ओळीने आडव्या ठेवल्या गेल्या. १९८० च्या जनगणनेत ओडेसाची वस्ती ९०,०२७ होती, मिडलँडपेक्षा जवळजवळ वीस हजारांनी जास्त. १९९० ला ती ८९,६९९ भरली, आणि तोवर मिडलँड ८९,४४३ वर येऊन पोचलं होतं.