ब्रेडमध्ये करडईचं तेल चालेल का?

घरी ब्रेड करू लागलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. कृतीत ऑलिव्ह तेल लिहिलेलं असतं आणि घरात असतं करडईचं, नाहीतर शेंगदाण्याचं. खुशाल घाला! अर्धा किलो मैद्याला तेल लागतं जेमतेम २० ग्रॅम. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास ब्रेडला लागेल, रिफाइंडचा लागणार नाही, एवढंच. तेल जळेल ही भीतीही नको. ओव्हन २०० अंशांवर असला तरी आत पाणी असल्यामुळे ब्रेडचा गाभा १०० अंशांच्या वर जात नाही. आणि ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ अशा ठळक अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नका. वनस्पतिजन्य तेलात ते नावापुरतंच असतं.

फरक पडतो तो पातळ तेल आणि गोठलेला स्निग्धांश यांच्यात. ही गंमत मला फार आवडते.

यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. मळताना पिठात अडकलेल्या हवेच्या बारीक बुडबुड्यांमध्ये यीस्टचा कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि ते फुगतात. ओव्हनमध्ये ते आणखी ताणले जातात, भिंती पातळ होतात आणि काही फुटतात. लोण्यात मात्र स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. मळताना प्रत्येक स्फटिकाभोवती प्रथिनांचं पातळ आवरण बसतं आणि तो बुडबुड्याच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतो. उष्णतेने स्फटिक वितळला, की त्याचं आवरण बुडबुड्याच्या आवरणात मिसळतं. ऐन ताणाच्या वेळी बुडबुड्याला जास्तीचं कापड मिळतं, म्हणून तो न फुटता मोठा होतो. पातळ तेलात स्फटिकच नसल्यामुळे तेलाचा ब्रेड किंचित कमी फुगतो. मऊ मात्र तोही होतो.

मग थंडीत बाटलीत गोठणारं खोबरेल? ते साधारण २४ अंशांना वितळतं. पीठ २८-३० अंशांवर फुगत ठेवलं, तर स्फटिक ओव्हनपर्यंत पोचतच नाहीत. लोणी पूर्ण वितळायला ३२ ते ३५ अंश लागतात. रवाळ तुपातले दाणेही स्फटिकांचेच, पण या कामासाठी भलतेच मोठे.

बटरऐवजी तेल घेताना १०० ग्रॅमला ८० ग्रॅम घ्या आणि चमचाभर पाणी वाढवा, कारण बटरमध्ये सुमारे १६ टक्के पाणी असतं.

तेल घालायची वेळही सांभाळा. शंकरपाळ्यांना आपण कोरड्या पिठातच मोहन चोळतो. तेल पिठाच्या कणांवर बसतं, पाणी नीट पोचत नाही, ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांचे, धागे आखूड राहतात आणि शंकरपाळी खुसखुशीत होते. ब्रेडला लांब धागे हवेत. म्हणून आधी पाणी घालून दहा मिनिटं मळा, मग चमच्या-चमच्याने तेल घाला. गोळा सुरुवातीला हातातून निसटेल, चिरफाळेल, सगळं बिघडलं असं वाटेल. मळत राहा. दोन-तीन मिनिटांत तेल आत मुरतं आणि गोळा गुळगुळीत होतो.