मिप्स आर२००० व आर३०००

अमेरिकेतील मिप्स कॉम्प्युटर सिस्टिम्स या कंपनीचे ३२ बिटी रिस्क, म्हणजे मर्यादित सूचनासंचाचे, मायक्रोप्रोसेसर. बाजारात आलेल्या पहिल्या रिस्क चिपांत आर२००० ची गणना होते. तिच्या आगमनाचे वर्ष काही ठिकाणी १९८५, तर काही ठिकाणी १९८६ दिलेले आढळते. जानेवारी १९८६ अधिक ग्राह्य वाटते. आर३००० ही तिची वेगवान आवृत्ती १९८८ मध्ये आली.

या रचनेचे मूळ कोठे शोधावे याबाबत मतभेद आहेत. काही जण सेमूर क्रे यांच्या १९६४ मधील सीडीसी ६६०० या महासंगणकापर्यंत मागे जातात. जॉन कॉक यांच्या प्रेरणेने आयबीएममध्ये १९७५ च्या सुमारास सुरू झालेल्या ८०१ प्रकल्पाचा दावा त्याहून भक्कम आहे. सोप्या सूचना आणि कुशल कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रसूचनांत भाषांतर करणारी आज्ञावली) ही जोडी तेथे स्पष्ट दिसते. रिस्क हे नाव मात्र बर्कली विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन यांच्या गटाने रूढ केले. प्रस्तुत चिपांचा थेट वारसा स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन हेनेसी यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या संशोधनाकडे जातो. १९८४ मध्ये कंपनी स्थापणाऱ्यांतही ते होते.

पाइपलाइन, म्हणजे अनेक सूचना एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांतून पुढे नेणारी रचना, पाच टप्प्यांची आहे. स्मृतीतून रजिस्टरमध्ये (चिपमधील छोट्या साठवण-जागेत) आणलेली किंमत लगेचच्या पुढील सूचनेला मिळत नाही, आणि चिप त्यासाठी थांबतही नाही. मधल्या जागी कामाची सूचना बसवणे, ती न सापडल्यास रिकामी सूचना घालणे, ही जबाबदारी कंपायलरची. उडीच्या, म्हणजे प्रोग्राममध्ये दुसरीकडे जाण्याच्या, सूचनेलगतची पुढील सूचनाही उडी होवो न होवो, पार पडतेच. यावरून ही चिप अडवणूक, म्हणजे सूचना थांबवून ठेवणे, अजिबात करत नाही असे म्हटले जाते, पण हे सरसकट विधान बरोबर नाही: गुणाकार-भागाकाराचे उत्तर तयार होण्याआधी वाचू पाहिल्यास आर२००० स्वतःच थांबते. स्मृतिवाचनातील बंधन मिप्सच्या दुसऱ्या सूचनासंचात हटले. उडीचे पुढेही राहिले.

सर्वसाधारण वापराची ३२ रजिस्टरे असून त्यांतील पहिल्याची किंमत कायम शून्य असते. अपूर्णांकी (फ्लोटिंग पॉइंट) गणितासाठी आर२००० ला आर२०१० ही वेगळी चिप जोडावी लागे. कॅशे, म्हणजे वारंवार लागणारी माहिती ठेवणारी वेगवान स्मृती, हीही चिपबाहेर असे.

डेक या संगणक कंपनीची डेकस्टेशने व सिलिकॉन ग्राफिक्सची वर्कस्टेशने यांत या चिपा होत्या. सोनीच्या प्लेस्टेशनमध्ये (१९९४) आर३००० वर आधारलेला प्रोसेसर होता, तर प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानात याच रचनेचा, किरणोत्सर्गाला तोंड देणारा माँगूस-५. मुख्य वंश १९९१ च्या ६४ बिटी आर४००० कडे गेला.