गेन्शिन हा एमएमओ नाही, आणि अल्बियन हा दुसरा गेन्शिन नाही

“गेन्शिन खेळतोयस ना, मग अल्बियन पण टाक की, तसलाच एमएमओ आहे.” सांगलीतल्या आमच्या गेमवाल्या पोरांच्या ग्रुपवर हे वाक्य दर आठ-पंधरा दिवसांनी उगवतंच. (एमएमओ म्हणजे असंख्य अनोळखी खेळाडू एकाच जगात खेळतात तसा ऑनलाइन गेम.) गेन्शिन इम्पॅक्ट आणि अल्बियन ऑनलाइन, दोन्ही गेम फुकट, दोन्हीत तलवारी, जादू आणि राक्षस, दोन्हीला नेट लागतं. एवढ्यावर दोघांना एकाच पोत्यात भरायचं आणि वर नव्या माणसाला सल्ला द्यायचा. मग तो बिचारा दोन दिवसांत अल्बियन काढून टाकतो आणि “बकवास गेम आहे” म्हणून मोकळा होतो.

गेन्शिन बहुतेकांना माहीत आहे, म्हणून उरकतो. सप्टेंबर 2020 मध्ये आला. टेवात हे त्यातलं जग तुमच्या एकट्याचं. अ‍ॅडव्हेंचर रँक 16 (ही खेळाडूची पातळी) नंतर को-ऑप, म्हणजे एकत्र खेळणं, उघडतो, पण त्यातही जास्तीत जास्त चार जण, आणि पाहुण्याला यजमानाच्या पेट्या उघडता येत नाहीत. एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे वस्तू जातच नाही. नेट लागतं म्हणून एमएमओ म्हणायचं असेल तर फोनपे पण एमएमओच म्हणा.

अल्बियन ऑनलाइन बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हचा. 2017 मध्ये विकत मिळायचा, एप्रिल 2019 पासून फुकट झाला, जून 2021 मध्ये मोबाइलवर आला. चित्रं साधी, कॅमेरा वरून, कथा जवळजवळ नाहीच. ग्राफिक्सवरून भांडायचं असेल तर गेन्शिन जिंकला, विषय संपला.

खरी मेख वेगळीच आहे. खेळताना तुमचं काय जाऊ शकतं, हे दोन्हीकडे एकदम उलटं आहे.

रात्री साडेनऊला खेळताय आणि लाईट गेली, वायफाय बंद पडलं, असं धरा. गेन्शिनमध्ये काही बिघडत नाही. डोमेनमध्ये (लढाईच्या बंद आखाड्यात) अर्धी लढाई झाली असेल तर ती पुन्हा करायची, एवढंच. रेझिनसुद्धा (बक्षीस घ्यायला खर्चावी लागणारी, वेळेनुसार भरणारी ऊर्जा) बक्षीस उचलतानाच कापलं जातं. अल्बियनमध्ये मात्र तुम्ही बाहेर फेकले गेलात तरी तुमचं पात्र काही वेळ तिथंच उभं राहतं. तिथलं जग धोक्यानुसार रंगांच्या झोनमध्ये वाटलेलं आहे. निळ्या किंवा पिवळ्या झोनमध्ये असाल तर फार भ्यायचं कारण नाही. पिवळ्यात दुसरा खेळाडू तुम्हाला लोळवू शकतो, पण अंगावरचं सामान तुमचंच राहतं. लाल किंवा काळ्या झोनमध्ये मेलात की अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं गेलं: थोडं तिथंच नष्ट होतं, उरलेलं मारणारा उचलतो. तक्रार करायला जागा नाही, खेळच तसा आहे. लाल झोनमध्ये हल्ला करू शकणारे किती जण फिरताहेत त्याचा आकडा स्क्रीनवर दिसतो. नवीन पोरं तो बघतच नाहीत आणि मग “हॅकर होता” म्हणतात. हॅकर नव्हता भावा, आकडा चारचा होता.

हे ऐकून लोक लगेच ठरवतात की दिवसाला अर्धा तास खेळणाऱ्यानं गेन्शिनच धरावा. इथंच माझं जमत नाही. गेन्शिनमध्ये हातातलं काही जात नाही, पण पुढचं सतत निसटत असतं. रेझिन आठ मिनिटांना एक या हिशेबानं भरतं आणि 200 वर थांबतं. म्हणजे जवळपास पावणेसत्तावीस तासांच्या वर गैरहजर राहिलात की पुढचं वाया. बॅनर (पात्रांच्या सोडतीत सध्या कोण मिळू शकतं ती यादी) साधारण तीन आठवड्यांत बदलतो, इव्हेंटला तारीख असते. घरात लग्न निघालं, चार दिवस फोन हातात आला नाही, तर परत आल्यावर उगाच अपराधी वाटतं. अल्बियनमध्येही महिन्याची चॅलेंज असतात, पण ती सोडली तर तुमचं काही अडत नाही. बँकेत ठेवलेला माल बँकेतच असतो. बाजारात विकायला लावलेली वस्तू तुम्ही झोपलेले असताना विकली जाते.

बाजार हा तर अल्बियनचा जीव. तलवार, चिलखत, झोळी, जवळजवळ सगळं कुणा ना कुणा खेळाडूनं बनवलेलं असतं. केअरलिऑन शहरातला ब्लॅक मार्केट खेळाडूंकडून सामान विकत घेतो आणि पुढं तेच राक्षसांच्या अंगावरून लूट म्हणून पडतं. शिवाय प्रत्येक शहराचा बाजार स्वतंत्र. सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्याला निघालेला दर आणि दुसऱ्या पेठेतला दर एक नसतो, मधल्या फरकावर वाहतूकवाला जगतो, इथंही तसंच. लिमहर्स्टमध्ये स्वस्तात घ्यायचं, बैलावर लादायचं (खरंच, ओझं वाहायला बैल आहे, आणि तो चालतोही बैलासारखाच) आणि दुसऱ्या शहरात विकायचं. केअरलिऑनच्या भोवती लाल झोन आहेत, म्हणून तिथं भाव चांगला मिळतो.

पैशांचं थोडक्यात. गेन्शिनमध्ये नशीब विकत मिळतं. एका विशला, म्हणजे सोडतीच्या एका खेपेला, 160 प्रिमोजेम (खेळातलं चलन) लागतात, रोजच्या कमिशनमधून (छोट्या कामांतून) मिळतात 60. पाच ताऱ्यांचं, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पात्र मिळायची शक्यता 0.6 टक्के, 90 व्या विशला हमी. पण ती हमी पाच ताऱ्यांच्या कुठल्यातरी पात्राची. हवा तोच यायला नशीब पार उलटं पडलं तर 180 विश लागतात. “पिटी (ही हमीच) आहे ना” म्हणत खिसा रिकामा करणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. अल्बियनमध्ये प्रीमियम, म्हणजे ठरावीक काळाचं सदस्यत्व, विकत मिळतो. तो नसेल तर विक्रीवरचा कर दुप्पट पडतो आणि प्रगती हळू होते. मात्र खेळातल्याच चांदीतून सोनं घेऊन प्रीमियम काढता येतो. अर्धा तासवाल्यानं त्या चांदीच्या मागे लागू नये, ती मजुरी होते.

कथा, गाणी, डोंगरावर चढून सूर्यास्त बघणं हवं असेल तर गेन्शिन खेळा, त्याला तोड नाही. मला विचाराल तर अल्बियन, पिवळ्या झोनपर्यंत, आणि पुढं लालमध्ये गेलातच तर गमावलं तरी झोप उडणार नाही एवढंच सामान अंगावर. दोन्हीकडे सुरुवातीलाच सर्व्हर विचारतात, तेव्हा आशिया निवडा. मित्र युरोपवर आहे म्हणून तिकडे गेलात तर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सोसवणार नाही, आणि तिथलं पात्र नंतर इकडे आणता येत नाही.