नववीपासून व्यवसाय विषय सुरू करायचाय? विदर्भातल्या गावशाळांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि प्रस्तावाची वाट

केंद्र आणि राज्य मिळून चालवत असलेल्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षण योजनेतून नववी ते बारावीच्या वर्गांना व्यवसाय विषय सुरू करता येतो. त्यासाठी शाळेनं कुठे अर्ज करायचा, पात्र कोण, कोणते कागद जोडायचे आणि गावाजवळच्या उद्योगाला यात कसं आणायचं, हे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक यांच्यासाठी इथे एकत्र मांडलं आहे.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. विषय ठरवण्याआधी उद्योग शोधा. विषयांची यादी समोर घेऊन ‘आयटी बरं वाटतं, तेच घेऊ’ असं ठरवलं, तर दोन वर्षांनी पोरगं प्रमाणपत्र घेऊन घरी बसतं आणि रस्त्यापलीकडच्या जिनिंगवाल्याला (कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला) मोटार रिवायंडिंग करणारा माणूस मिळत नाही. हे थांबवायचं असेल तर प्रस्ताव लिहिण्याआधीच थांबवावं लागतं.

पात्र शाळा कोणत्या

शासकीय, जिल्हा परिषद, नगर परिषद आणि अनुदानित शाळा. आधी निधी प्रामुख्याने सरकारी शाळांपुरता होता. 2021-22 पासूनच्या टप्प्यात अनुदानित शाळाही त्यात आल्या. आपल्याकडे खेड्यापाड्यांतलं माध्यमिक शिक्षण मोठ्या प्रमाणात संस्थांच्या अनुदानित शाळांवर चालतं, म्हणून हा बदल विदर्भासाठी फार मोलाचा आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळांना या निधीतून विषय मिळत नाही. खर्चाचा वाटा केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के असा असतो.

किती विषय आणि किती तुकड्या मिळणार, हे पटसंख्या आणि मागणी पाहून ठरतं. पट लहान असेल तर हातपाय गाळू नका. एका शाळेत वर्ग-कार्यशाळा आणि साहित्य ठेवायचं, आसपासच्या शाळांच्या मुलांनी तिथे येऊन शिकायचं, अशी जोडशाळांची तरतूद योजनेत आहे. जोडशाळेतल्या मुलांच्या प्रवासाचा आणि मूल्यमापनाचा खर्चही त्यात धरलेला आहे. दोन-तीन गावांच्या मुख्याध्यापकांनी एकत्र बसून मोठ्या पटाच्या शाळेला केंद्र करावं आणि एकत्रित मागणी पाठवावी. एकेकट्या छोट्या शाळेच्या अर्जापेक्षा ही मागणी वजनदार ठरते.

आधी उद्योग: कोण, कुठे, कोणत्या महिन्यात

‘आमच्याकडे कुठे उद्योग आहेत’ असं अनेक गावांत सहज म्हटलं जातं. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीकडे किंवा नांदगाव पेठच्या कापड उद्योगाकडे बघून आपलं गाव मागास वाटतं खरं. पण शाळेला हवा असलेला उद्योग म्हणजे जिथे काम रोज चालतं आणि शिकवायला तयार असलेला माणूस आहे, अशी कोणतीही जागा. वर्धा-यवतमाळकडे जिनिंग-प्रेसिंग, अकोल्याकडे दालमिल, गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिल, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचं ग्रेडिंग आणि वॅक्सिंग, झाडीपट्टीत बांबू आणि टसर. याशिवाय ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज, सोलर पंप बसवणारे, बाजार समिती, शेतकरी उत्पादक कंपनी, कृषी विज्ञान केंद्र. आरोग्याचा विषय घ्यायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय हाच उद्योग. बांबूसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, त्याची मदत जरूर मागा.

यादी करायला जिल्हा उद्योग केंद्रात जा. जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या घटकांची माहिती तिथे मिळते. मग प्रत्येकाला भेटून विचारा: काम कोणत्या महिन्यात जोरात असतं, मुलांना कोण दाखवील, कोणत्या यंत्राजवळ त्यांना नेता येणार नाही. हंगामाचा प्रश्न आपल्याकडे कळीचा आहे. जिनिंग दिवाळीनंतर धडाक्यात चालतं आणि नेमकं तेव्हाच घरी कापसाची वेचणी असते, वर्ग निम्मे रिकामे होतात. शाळाही आपल्याकडे उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. त्यामुळे क्षेत्रभेटींचं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या शाळेवरून उतरवलं तर जमणार नाही.

उद्योग ठरला की विषय आपोआप सुचतो. गॅरेज आणि ट्रॅक्टर सेवा केंद्र असेल तर ऑटोमोबाइल, दवाखाना असेल तर हेल्थकेअर, बाजारपेठ मोठी असेल तर रिटेल. थोडं वेल्डिंग, थोडी वायरिंग, थोडी शेती असं सगळंच आसपास असेल, तर मल्टी स्किल हा विषय खेड्यातल्या शाळेला सगळ्यांत जवळचा. त्याची मुळं पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या कामात आहेत, ते कामच ग्रामीण शाळा डोळ्यांपुढे ठेवून उभं राहिलं. आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार तर आपल्या वर्ध्यातच ऑक्टोबर 1937 च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी देशापुढे ठेवला, पुढे झाकीर हुसेन समितीनं त्याचा आराखडा केला. संस्थाचालक कुरकुरले तर हे त्यांना नक्की सांगा.

उद्योगाकडून घ्यायचं पत्र

नुसतं ‘सहकार्य करू’ असं लिहिलेलं संमतीपत्र कामाचं नाही. पत्रात वर्षातून किती भेटी, कोणत्या महिन्यांत, शिकवणाऱ्या मिस्त्रीचं किंवा पर्यवेक्षकाचं नाव, शाळेत येऊन तो किती तास घेईल, सरावासाठी जुनं साहित्य देणार का, हे स्पष्ट हवं. अतिथी व्याख्यान आणि क्षेत्रभेट यांसाठी योजनेत स्वतंत्र तरतूद असते, तेव्हा गावातल्या मिस्त्रीला मानधन मिळू शकतं. ते त्याला आधीच सांगा, फुकटात कुणाचा दिवस मोडू नका. सोबत उद्योगाच्या उद्यम नोंदणीची (लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीची) प्रत जोडा.

मुलांकडून उत्पादनाचं काम करून घेतलं जाणार नाही, हे वाक्य पत्रात असलंच पाहिजे. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली झालेल्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे आणि 14 ते 18 वयोगटाला धोक्याच्या कामात घेता येत नाही. नववीतली बरीच मुलं 14 च्या आगेमागेच असतात. कापूस प्रेसिंगमध्ये कॉटन ओपनरच्या (कापूस मोकळा करणाऱ्या यंत्राच्या) जागी स्त्रिया आणि मुलांना कामावर ठेवू नये, असं कलम 27 तर 1948 च्या कारखाने अधिनियमातच घातलं होतं. भेटीत मुलांनी पाहायचं, विचारायचं, टिपून घ्यायचं. यंत्राला हात शाळेच्या कार्यशाळेत, प्रशिक्षक समोर असताना.

एखादी मोठी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे देऊ म्हणाली, तर हा निधी घेण्यासाठी लागणारी सीएसआर-1 नोंदणी संस्थेकडे आहे का ते पाहा. ट्रस्ट किंवा संस्थेला थेट निधी घ्यायला ती 1 एप्रिल 2021 पासून लागते. नसेल तर साहित्य वस्तुरूपात घ्या आणि शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवा.

प्रस्तावाला काय जोडायचं

शाळेचा यूडायस क्रमांक (सरकारी शाळा-माहिती प्रणालीतला क्रमांक) आणि मंडळाचा सांकेतांक, मान्यतेचं पत्र, अनुदानित असल्यास अनुदानाचा आदेश. नववी ते बारावीचा मुला-मुलींचा वेगवेगळा पट, हा यूडायस प्लसमधल्या आकड्यांशी जुळलाच पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, संस्थेची शाळा असेल तर संस्थेचाही. कार्यशाळेसाठी मोकळ्या खोलीचं माप आणि फोटो, वीजबिलाची प्रत, मुलींच्या स्वच्छतागृहाची स्थिती. पालकांची सह्यांनिशी मागणी, विषयाच्या नावासह. उद्योगांची संमतीपत्रं. जोडशाळा असतील तर त्यांच्या मुख्याध्यापकांची पत्रं आणि अंतरं.

वीजबिल नजरेआड करू नका. थकबाकीमुळे मीटर कापलेल्या शाळेत वेल्डिंगचं यंत्र आलं तरी ते खोक्यातच राहील.

प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. शासकीय आश्रमशाळा असेल तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत जा. धारणी, पांढरकवडा, देवरी, अहेरी, भामरागड अशी ही कार्यालयं आपल्या भागात आहेत. जिल्ह्याकडून प्रस्ताव महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडे, तिथून राज्याच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात आणि शेवटी दिल्लीत शिक्षण मंत्रालयाच्या प्रकल्प मान्यता मंडळापुढे जातो. जिल्ह्याचे आराखडे हिवाळ्यात बनतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी फाइल तयार ठेवा. प्रकल्प मान्यता मंडळाची इतिवृत्तं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार असतात, कुणाच्या तोंडी निरोपावर विसंबू नका.

मंजुरी आली की विभागीय मंडळाकडून विषयाची मान्यता घ्यायची: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम यांच्यासाठी अमरावती मंडळ, बाकी सहा जिल्ह्यांसाठी नागपूर. प्रशिक्षक शाळा नेमत नाही, तो व्यवसाय प्रशिक्षण भागीदार संस्थेमार्फत येतो. तो आल्याच्या पहिल्या आठवड्यातच त्याला उद्योगाच्या माणसांशी भेटवा. पुढे प्रशिक्षक बदलला तरी ही ओळख शाळेच्या हाती राहते.

पालकांनी काय पाहायचं

विद्यार्थ्यासाठी वेगळी प्रवेश परीक्षा नाही. नववीच्या सुरुवातीला पालकांचं संमतीपत्र, आधार आणि शाळेतली नेहमीची नोंद एवढं पुरतं. विषय नववी-दहावी असा दोन वर्षांचा असतो, मध्येच सोडणं नुकसानीचं. दहावीला तो नेहमीच्या एका विषयाऐवजी गणला जातो. कोणत्या विषयाऐवजी, ते शाळेकडून लेखी मागा आणि दहावीचं आवेदनपत्र भरताना विषयाचं नाव आणि सांकेतांक स्वतः वाचून सही करा. अभ्यासक्रम भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यवसाय शिक्षण संस्थेनं बनवलेला असतो. त्यात हातातल्या कामाबरोबर संवाद, संगणक, उद्योजकता आणि पर्यावरणाशी जुळणारी कौशल्यंही येतात.

मुलींचा प्रश्न वेगळा आणि जास्त जिव्हाळ्याचा. त्यांना शाळेत आणणारी एसटी किंवा मानव विकास कार्यक्रमातली मुलींसाठीची बस ठरलेल्या वेळेची असते. क्षेत्रभेट पाचपर्यंत लांबली की बस चुकते आणि पुढच्या भेटीला घरून परवानगी मिळत नाही. भेटी सकाळीच ठेवा, शिक्षिका सोबत द्या. ऑटोमोबाइल मुलांचं, ब्युटी मुलींचं, ही वाटणी तर शाळेनं करूच नये.

दहावीनंतर आयटीआय, तंत्रनिकेतन, बारावी व्यवसाय अभ्यासक्रम हे रस्ते खुले आहेत. शिकाऊ उमेदवारीही आहे: 1961 च्या कायद्यानुसार किमान वय 14, धोक्याच्या उद्योगात 18. चार ते 29 माणसांच्या घटकाला शिकाऊ उमेदवार घेणं ऐच्छिक, 30 पासून बंधनकारक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचे 25 टक्के, महिन्याला 1500 रुपयांपर्यंत, केंद्र देतं. ज्या गॅरेजवाल्यानं दोन वर्षं मुलांना शिकवलं, त्याला हे समजावून सांगितलं तर तोच पहिला उमेदवार घेईल. बँक खातं आधारशी जोडलेलं ठेवा.

मंजूर शाळांच्या यादीत शाळेचं नाव आलं नाही, तर फाइल फेकू नका. पुढच्या वर्षी पट, वीजबिल आणि संमतीपत्रं नव्या तारखेची जोडून ती पुन्हा द्या. दरम्यान सहावी ते आठवीसाठी राष्ट्रीय शिक्षण धोरणात सांगितलेले दप्तराविना 10 दिवस याच उद्योगांत घालवा, त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्या दिवसांचे फोटो, हजेरी आणि उद्योगाचा अभिप्राय पुढच्या प्रस्तावाला जोडा.