‘अल्फा’ आला कुठून?

कुत्रा सोफ्यावरून उठत नाही, वाटीजवळ हात नेला की गुरगुरतो, फिरायला नेलं की पट्टा ताणत पुढे धावतो. तिन्ही तक्रारींवर सोसायटीच्या आवारात एकच निदान मिळतं: ‘डोक्यावर बसलाय, अल्फा व्हायला बघतोय.’ गंमत म्हणजे हे निदान कुत्र्यांच्या अभ्यासातून आलेलंच नाही.

त्याचं एक मूळ कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. कोण कोणाला टोचतं आणि कोण मुकाट्याने बाजूला होतं, याची उतरंड १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला एका नॉर्वेजियन अभ्यासकाने नोंदवली. दुसरं मूळ स्वित्झर्लंडमधल्या बाझल प्राणिसंग्रहालयात. तिथल्या लांडग्यांवरचं निरीक्षण १९४७ मध्ये छापून आलं. कुंपण साधारण १० बाय २० मीटरचं आणि त्यात दहापर्यंत लांडगे. मोकळ्या रानात एक ते तीन वर्षांचा लांडगा घर सोडून स्वतःची जोडी शोधायला निघतो. इथे निघायला वाटच नव्हती. साहजिकच भांडणं झाली, त्यातून वर-खाली ठरत गेलं आणि वरच्या जोडीला ‘अल्फा’ म्हटलं गेलं. निरीक्षण खोटं नव्हतं. ते कोंडलेल्या प्राण्यांचं होतं, एवढी गोष्ट पुढे सांगायची राहिली.

१९७० मध्ये लांडग्यांवरच्या एका गाजलेल्या पुस्तकाने हा शब्द सर्वदूर नेला. १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका मठातल्या साधूंनी श्वानप्रशिक्षणाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात चुकलेल्या कुत्र्याला उताणा पाडून दाबून धरण्याचा उपाय सुचवला. हाच तो ‘अल्फा रोल’. आधार असा दिला जाई की वरचढ लांडगा दुबळ्याला असंच पाडतो. प्रत्यक्षात नमतं घेणारा लांडगा स्वतःहून उताणा होतो, त्याला कोणी पाडत नाही. अंगावर जाऊन जबरदस्तीने पाडणं म्हणजे त्या प्राण्याच्या दृष्टीने हल्ला. मठाने २००२ च्या आवृत्तीत हा सल्ला मागे घेतला, पण तोवर तो टीव्हीपर्यंत पोचण्याच्या बेतात होता.

१९७० च्या पुस्तकाच्या लेखकाने मात्र आपलं मत उघडपणे बदललं. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समिअर बेटावर तेरा उन्हाळे रानटी लांडगे पाहून १९९९ मध्ये त्याने लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बापाला ‘अल्फा’ म्हणणं निरर्थक आहे, तो नुसता बाप आहे. जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनवणी तो प्रकाशकाला वर्षानुवर्षं करत राहिला.

इथे ‘वर्चस्व’ या शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण दोन्ही बाजू तो आपापल्या सोयीने वापरतात. प्राणिवर्तनशास्त्रात वर्चस्व हा स्वभाव नाही. दोन ठरावीक प्राण्यांमध्ये, एखाद्या वस्तूवरून, पुन्हापुन्हा कोण माघार घेतो याचा तो हिशेब आहे. हाडकासाठी मागे हटणारी कुत्री सावलीतल्या जागेसाठी अजिबात हटणार नाही. म्हणून ‘माझा कुत्रा डॉमिनंट आहे’ हे वाक्य शास्त्राच्या भाषेत अपुरं आहे: कोणावर, कशासाठी? उलट ‘कुत्र्यांत उतरंड नसतेच’ हेही खरं नाही. रोम परिसरातल्या मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासात ती स्पष्ट दिसली, आणि थोरली कुत्री सहसा वरच्या पायरीवर होती. प्रश्न एवढाच, की वाटी भरणाऱ्या माणसाला त्या उतरंडीत ओढायचं कारण काय? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर अजून तरी कोणी दिलेलं नाही.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या एका संघटनेने वर्चस्वाच्या नावाखाली होणाऱ्या प्रशिक्षणाविरुद्ध निवेदन काढलं. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मालकांच्या एका पाहणीत, ज्यांनी अल्फा रोल केला त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांनी कुत्रा उलटून आक्रमक झाल्याचं सांगितलं. मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांत हे प्रमाण ४३ टक्के होतं. यातला छुपा धोका गुरगुरीचा आहे. अंग ताठ होणं, खाता खाता थबकणं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, जीभ ओठांवर फिरणं आणि मग गुरगुर, अशी इशाऱ्यांची साखळी असते. गुरगुरल्यावर फटका बसला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग ‘काही न सांगता चावला’ अशी तक्रार येते.

वाटी राखणाऱ्या कुत्र्यावरचा आजचा उपाय त्यामुळे उलट्या दिशेने जातो. कुत्रा निवांत खात राहील इतक्या अंतरावर, समजा दोन मीटरवर, उभं राहायचं, उकडलेल्या चिकनचा तुकडा वाटीकडे टाकायचा आणि निघून जायचं. एका जेवणात पाच-सहा वेळा पुरे. माणूस येताना दिसला की कुत्रा तुकड्याच्या आशेने मान वर करू लागला, की अर्धं पाऊल जवळ. अंग ताठ झालं तर पुन्हा मागे. हे फसतं ते दोन कारणांनी: लोक दुसऱ्याच दिवशी वाटीला हात लावतात, किंवा ‘सवय व्हावी’ म्हणून भरली वाटी उचलून नेतात. दुसऱ्या प्रकारात कुत्र्याचा संशय खरा ठरतो. आधी चावलेला असेल किंवा घरात लहान मूल असेल, तर हा प्रयोग घरच्या घरी करू नये, वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याला गाठावं.

मांजर अल्फाच्या कचाट्यातून सुटलं. तिच्या वाट्याला ‘सूड’ आला: गादीवर मुतली म्हणजे राग काढते. शी-शूचा ट्रे अस्वच्छ असणं, मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त नसणं किंवा मूत्राशयाची सूज, ही नेहमीची कारणं. बोका ट्रेमध्ये वारंवार बसून जोर करतोय आणि थेंबही पडत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखाना गाठावा लागतो.